मागच्या हबची गळती

—नाही हो सिस्टर, सायकल तयार आहे. ह्या वेळेला खरंच तयार आहे, परत हात हलवत नाही पाठवणार तुम्हाला. पण बसा ना जरा. पेशंट वाट बघतायत, माहीत आहे मला, पण थोडं बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय लंगडा आहे, ह्या खोक्यावर बसा, वर गोणपाट आहे, पांढरे कपडे खराब नाही व्हायचे. हां. आता हा कागद बघा. चाक मुद्दाम आडवं टाकलं होतं ह्याच्यावर सकाळपासून, म्हणजे तेल गळायचं असेल तर भसाभसा गळू दे. दिसतोय एक तरी डाग? हात फिरवून बघा, लाजू नका. कोरडा ठणठणीत! ब्रेकचे पट्टेही नवे घातलेत, ड्रम आतून पुसून लख्ख केलाय, आता उतारावर दाबलात ना की जागच्या जागी थांबाल. मी स्वतः बसून बघितलं, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले—ह्या वयात, हो, लोक हसले, हसू देत. —घड्याळ नका ना बघू सारखं. मला तुमच्याशी बोलायचंय. सायकलीबद्दलच बोलायचंय. म्हणजे सायकलीपासून सुरुवात करते.

ह्या हबचं कसं असतं, दुसऱ्या सायकलींचे गिअर बाहेर उघड्यावर असतात, तुमचे ह्या डब्यात, मागच्या चाकाच्या पोटात. मधे एक दातेरी चाकी, तिच्याभोवती फिरणाऱ्या तीन छोट्या, शिवाय दोन कुत्रे—कुत्रेच म्हणतो आम्ही त्या खटक्यांना, पायडल मारायचं थांबवलं की टकटक टकटक करतात ना, ते. कुत्रे भुंकतायत तोवर निवांत बसा, गप्प झाले की चोर शिरला म्हणून समजा—हा ह्यांचा विनोद, माझा नाही, दर गिऱ्हाइकाला ऐकवायचे आणि दर वेळी स्वतःच हसायचे. तर हे सगळं तेलात. तेल कमी पडलं तर दाते झिजतात, जास्त झालं तर बाहेर. सायकल उन्हात उभी राहिली की आतली हवा फुगते, तेलाला बाहेर ढकलते. म्हणून पहिल्यांदा मला वाटलं, तेलच जास्त झालंय. काढलं थोडं. तरी गळतंय. मग म्हटलं छर्रे सैल बसले असतील, ते आवळले. तरी गळतंय. मग सील बदललं. सील म्हणजे रबराची कडी हो, साखळीच्या बाजूला असते, तिचा पातळ ओठ आतल्या फिरत्या नळीला चिकटून बसतो आणि तेलाला अडवतो. नवी कोरी कडी घातली, तुम्ही हसत घेऊन गेलात—आणि त्या दवाखान्याच्या उतारावर ब्रेक लागला नाही. तेल उतरलं होतं ब्रेकच्या ड्रममध्ये, पट्टे घसरले. तुम्ही कुंपणावर, औषधं रस्त्यावर, गुडघा सोललेला. आणि तरी मला एक शब्द बोलला नाहीत. बोलला असतात तर बरं वाटलं असतं. नुसतं म्हणालात, ‘तुमच्या मिस्त्रींना एकदा दाखवा ना.’ माझ्या घशाखाली घास उतरला नाही सिस्टर त्या दिवशी. तुमचं डोकं आपटलं असतं तर?

दाखवलं मी मिस्त्रींना. आणि त्यांनीच सांगितलं काय करायचं ते. त्यांनीच सांगितलं म्हणून आज हा कागद कोरडा आहे. —काय? बोलतात का? नाही. बोलत नाहीत. मी तुम्हाला ‘जरा बरं नाही त्यांना’ एवढंच म्हणाले होते, हो ना? सगळ्यांना तेवढंच सांगते. जरा बरं नाही, आत पडलेत, सायकल ठेवून जा, होईल. पंक्चर, ब्रेक, वाकडं चाक सरळ करणं, हे मी आधीपासूनच करायचे, लग्न झाल्यापासून ह्याच दुकानात उभी आहे मी. फक्त हब ह्यांचे. हबला हात लावू द्यायचे नाहीत मला. ‘तू चाक दे, चाक घे, पोटातलं माझ्याकडे.’ लांबून लांबून लोक यायचे. आणि एक दिवस इथं, जिथं तुमचे पाय आहेत तिथंच, चाक मांडीवर घेऊन बसले होते, मला म्हणाले, ‘चिमटा दे.’ मी चिमटा दिला. तो हातातून पडला. परत दिला. परत पडला. मी म्हटलं, काय पोरखेळ चाललाय? —तर माझ्याकडे बघितलं, आणि तोंड एका बाजूला घसरत गेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. इतक्या वर्षांतलं ह्यांचं शेवटचं वाक्य काय, तर चिमटा दे. लोकांचं निदान काहीतरी चांगलं असतं.

इस्पितळात तो मोठा डॉक्टर आला, तरणा होता, बरा होता, वाईट नाही म्हणत मी. ह्यांना पेन दाखवलं, विचारलं, ‘हे पेन आहे का?’ ह्यांनी मान डोलावली. मला वाटलं, आहे, आहे अजून शुद्ध! मग त्यानं तेच पेन धरून विचारलं, ‘ही गाय आहे का?’ ह्यांनी डोलावली. ‘तुमचं नाव पेन आहे का?’ डोलावली. आमची लेक शेजारी उभी होती, ती भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. डॉक्टर म्हणाला, फार अपेक्षा ठेवू नका. डॉक्टर लोक नेहमी असंच म्हणतात बघा, ‘फार अपेक्षा’. मग किती ठेवायच्या? वाटीभर? ते नाही सांगत कुणी. तर घरी आणलं. मी भरवायचे, पुसायचे, कूस बदलायचे, आणि मधे मधे बाहेर येऊन पंक्चर काढायचे. हे तिकडे भिंतीकडे बघत पडलेले. बोललं तर मान डोलावणार. दुखतंय का—डोलावली. बरं वाटतंय का—डोलावली. अहो, मी कोण, शेजारीण ना तुमची?—डोलावली. एकदा मी हसले त्याच्यावर, एकटीच. दुसऱ्यांदा नाही हसू आलं.

लेक म्हणायची, आई, ह्या देहात बाबा राहिले नाहीत आता. ती दूर असते, तिची नोकरी, तिचा संसार, दर सुट्टीला धावत येते बिचारी. तिनं एक जागा शोधली होती, अशा लोकांना ठेवतात तिथं. स्वच्छ आहे म्हणे. रांगेत पलंग, वेळेवर औषध, वेळेवर जेवण. ‘तू फक्त हो म्हण, आई.’ मी नाही म्हणायचे. किती वेळा नाही म्हटलं मी! माणूस आहे माझा, म्हटलं, खोळंबलेली सायकल नाही, की जागा अडवतेय म्हणून उचलून मागे टाकावी.

तर तुम्ही पडलात, आणि मग मी काय केलं, चाक उचललं आणि त्या पडद्यामागे ह्यांच्या पलंगाशी नेलं. माझं डोकंच चालेना हो. हब उघडला, एकेक भाग ह्यांच्या पांघरुणावर मांडला, तेलाचे डाग पडले चादरीवर, पडू दे म्हटलं. ‘बघा,’ म्हटलं, ‘नवी कडी घातली तरी गळतंय, का गळतंय? त्या नर्सबाई पडल्या माझ्यामुळे. सांगा ना.’ वेड्यासारखी विचारत होते. हे बघतात. पहिल्यांदाच भिंत सोडून दुसरीकडे बघितलं. डाव्या हातानं ती फिरती नळी चाचपली. मग कडी उचलली. मग—मग नळी टाकून दिली आणि माझा हात धरला. मला वाटलं, माया आली. आणि हे माझी अंगठी ओढायला लागले.

ही. ही लग्नातली. बोटात इतकी रुतलीय की निघत नाही, बघा, मांसात खाच पडलीय तिच्या मापाची. हे ओढतायत. कळवळले मी, म्हटलं सोडा, दुखतंय. सोडेनात. त्या एका हातात सगळी ताकद आणून ओढतायत, घशातून कसला तरी आवाज काढतायत, आणि अंगठी सरकली वर, खाचेतून निसटून वर, सांध्यापर्यंत—तिथं सोडली आणि माझ्याकडे बघितलं. मी परत खाली ढकलली. परत ओढली! तीन-चार वेळा झालं असं. आणि माझ्या डोक्यात काय आलं सांगू? की हा माणूस माझी अंगठी काढून घेतोय. जा म्हणतोय मला. नाहीतर मी कोण तेच विसरलाय, कुणाची तरी अंगठी दिसली म्हणून ओढतोय, लहान मूल ओढतं तशी. दोन्हींतलं काय वाईट तेही कळेना. मी त्या हातावर फटकन मारलं. हो, मारलं. जो एक हात चालतो, त्याच हातावर.

आणि आज उजाडल्या उजाडल्या सगळे भाग गोळा करून बाहेर आणले, म्हटलं, तुम्हाला सांगावं, नाही होत माझ्याच्यानं, दुसऱ्या गावी न्या. नळी पुसायला घेतली फडक्यानं, दारात उजेडात धरली, आणि नख अडलं. थांबा, दाखवते—ती आत बसवली आता, पण जुनी एक आहे, ही घ्या, नख फिरवा असं. लागतंय? बारीक खाच आहे गोल. वर्षानुवर्षं त्या रबराचा ओठ एकाच जागी घासला, लोखंडसुद्धा झिजलं. कडी नवी घाला नाहीतर सोन्याची घाला, ती त्याच खाचेत जाऊन बसणार, आणि तेल खाचेतून वाट काढणार. कडी जरा सरकवून बसवायची. खाचेच्या शेजारी, जिथं लोखंड अजून गुळगुळीत आहे तिथं. सिस्टर, माझ्या हातातून नळी पडली. माझं बोट बघितलं मी. ह्या माणसानं मला अक्षरन् अक्षर सांगितलं होतं. बोलता येत नाही, मान धड हलत नाही, तर माझीच अंगठी आणि माझंच बोट घेऊन सांगितलं—खाचेतून काढ, वर बसव. पुन्हा पुन्हा सांगितलं, मूर्ख बाईला कळेना म्हणून. मी पातळ वायसर कापला, कडीच्या मागे घातला, कडी केसभर बाहेर आली. आणि हा कागद तुमच्यासमोर आहे.

म्हणून म्हणते, तुम्ही सांगा. तुम्ही नर्स आहात, तुमचं ऐकतील. गाडी येतेय आज. ती जागा, रांगेतल्या पलंगांची—तिथली गाडी, लेक आहे सोबत, कुठल्याही क्षणी येतील. म्हणून बसवून घेतलंय तुम्हाला, आता खरं सांगते, सायकल तर मघाशीच द्यायला हवी होती. मी सकाळपासून फोन करतेय तिला. एकदा लागला. सगळं सांगितलं, कडी, खाच, अंगठी, सगळं. ती म्हणते, ‘आई, तू दमली आहेस. बाबांनी अंगठी ओढली, बाकीचं तू तुझ्या मनानं लावलंस.’ म्हटलं, अगं, गळती थांबली! म्हणते, ‘तुला येतंच ते काम, तूच दुरुस्त केलंस.’ कशी पटवू मी तिला? आता फोन लागतच नाही. तुम्ही सांगा तिला, की हब बघितला, की असं होतं, माणूस आतून शाबूत असतो आणि मान भलतीकडे डोलते—होतं ना असं? होतं? बघा! मग हे कुणी का सांगितलं नाही मला? पेन, गाय, गाय, पेन—अहो, ह्यांना कळत असेल ते पेन आहे, मानेला नसेल कळत!

—नाही, लेकीचं काही चुकत नाही. ती जबरदस्ती नाही करत. तिनं जागा बघून ठेवली होती, पण मी हो म्हणेपर्यंत काही करणार नव्हती ती, तेवढी सरळ आहे. —मग गाडी कुणी बोलावली? मीच. मीच फोन केला तिला. काल. अंगठीचं झालं, मी मारलं, आणि तशीच फोन उचलला, रागाचा भर होता. म्हटलं, ये आणि घेऊन जा ह्यांना. म्हटलं, मला नको आता हे. ह्यांच्यात माणूस राहिला नाही, नुसता देह उरलाय, किती दिवस मी एका देहाचं करत बसू? असंच म्हटलं. आणखी बरंच म्हटलं. की मेले असते तर निदान रडून मोकळी झाले असते. तुम्ही असं बघू नका माझ्याकडे. तुम्ही रोज घरोघर जाता, तुम्ही ऐकलं असेल असं, बायका बोलतात असं, नाही का बोलत?

कुठे होते म्हणजे? हे कुठे असणार? तिथंच. फोन काल पलंगाच्या उशाशीच होता. मी तिथंच उभी होते.

...

हो. तेच. तेच सकाळपासून डोक्यात आहे आणि मी ते आत येऊ देत नव्हते. नळी पडली ना हातातून, ती आनंदानं नाही पडली. आनंद झाला, नाही असं नाही, पण लगेच मागोमाग—ह्यांना सगळं कळतं, म्हणजे कालचंही कळलं. शब्द न् शब्द. आणि उलटून बोलायला तोंड नाही. उठून जायला पाय नाही. कूस बदलून पाठ करायची म्हटलं तरी मीच लागते. मी बोलत राहिले आणि हे ऐकत राहिले. सिस्टर, सकाळपासून मी आत गेले नाही. म्हणजे गेले, चहा पाजला, तोंड पुसलं, पण डोळ्यांकडे नाही बघितलं. तेवढंही धैर्य नाही झालं. लेकीशी भांडायला मी तयार आहे, गाडीसमोर आडवी पडेन, पण त्या पडद्याच्या आत जाऊन त्यांच्यासमोर उभं राहायचं—तुम्ही सांगाल का त्यांना? की ती तसं म्हणाली नाही म्हणून? रागात होती म्हणून? —नाही. बरोबर आहे तुमचं. तुम्ही कशा सांगणार.

काय म्हणालात? विचारलं का? कुणाला? —ह्यांना? जायचंय का म्हणून? नाही विचारलं. कुणीच नाही विचारलं. डॉक्टरनं पेन विचारलं, गाय विचारली. लेकीनं मला विचारलं, मी लेकीला सांगितलं. आणि विचारू कसं, मान तर सगळ्यालाच डोलणार. —मानेकडे बघायचं नाही? मग कशाकडे? हाताकडे. डोळ्यांकडे. हं. आणि समजा जायचं असेल तर? माझं कालचं ऐकल्यावर कुठल्या माणसाला इथं राहावंसं वाटेल? मला तर नसतं वाटलं. मी तर सरपटत गेले असते गाडीपर्यंत.

आली. आली बघा, हॉर्न आहे तो. निळी गाडी. लेक उतरतेय. —उठू नका, नाही, उठा, उठा, दारात उभ्या राहा जरा, सिस्टर, तिला तिथंच धरा, सायकल दाखवा, कागद दाखवा, काय वाटेल ते बोला. मला एवढं एक करू द्या. पडदा राहू दे बाजूला, राहू दे उघडा. मला एकटीला भीती वाटते.

अहो.

अहो, मी आहे. इकडे बघा. नाही, मान नका हलवू, मान राहू दे. नर्सबाईंची सायकल गळायची थांबली. तुम्ही सांगितलंत तसंच केलं. काल कळलं नाही मला, मला वाटलं—जाऊ दे काय वाटलं ते. हात दुखतोय का? तो हात? —काल मी फोनवर जे बोलले ते तुम्ही ऐकलंत. हो ना? ऐकलंत. नका, डोळे नका मिटू, बघा माझ्याकडे. मी बोलले ते बोलले. खोटं नव्हतं, त्या वेळेला तसंच वाटलं होतं मला. फार दमले होते. पण तुम्ही आत आहात हे माहीत असतं तर तुमच्याशीच भांडले असते, फोन कशाला केला असता? बाहेर गाडी आलीय. लेक आलीय. तुम्हाला न्यायला आलेत. मी विचारतेय तुम्हाला, जायचंय का? जायचं असेल तर मी अडवणार नाही, तुमची बॅग भरते, रोज येईन तिकडे. पण राहायचं असेल तर—कसं सांगाल तुम्ही, मला नाही माहीत, कसंही सांगा, मी ह्या वेळेला मारणार नाही. सांगा ना. —काय करताय? पडाल, अहो, पडाल पलंगावरून, असं कुठे सरकताय, भिंत आहे तिकडे, अंग घासेल. थांबा, मी धरते, कशाला सरकताय इतकं—

...

सिस्टर. सिस्टर, जागा करतायत. मला बसायला जागा करतायत. डाव्या कोपरावर सगळं अंग ओढत भिंतीशी गेले, आणि इथं, ह्या रिकाम्या जागेवर हात आपटतायत. बस म्हणतायत. दिसतंय ना तुम्हाला? मी माझ्या मनानं नाही ना लावत? —लेकीनंही बघितलं? तिला रडू नको म्हणावं, तिला आत येऊ द्या. गाडीवाल्याला सांगा, परत जा. नाही, चहा नको, काही नको, नुसतं परत जा म्हणावं.

आणि तुम्हीही जा आता, सिस्टर. सायकल दाराशीच आहे. मी नाही उठत सोडायला, मी बसलेय. जा, पेशंट खोळंबलेत तुमचे. दार तेवढं लोटून घ्या.